थरांच्या जमिनीतून भूपृष्ठ लहरी कशा जातात आणि शेतात उभं राहून त्या कशा मोजायच्या

दख्खनच्या पठारावरच्या कुठल्याही न बांधलेल्या विहिरीत डोकावून पाहा. वर सहा-आठ फूट काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग पहारीला थोडीफार दाद देणारा मांजऱ्या खडक आणि तळाशी काळा पाषाण. कुठे कुठे दोन पाषाणांच्या मधोमध गेरूसारखा लाल पट्टा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, मधल्या काळात ऊनपावसाने वरचा भाग कुजला, मग त्यावर पुढचा लाव्हा आला. तो सगळा इतिहास विहिरीच्या भिंतीवर उभा दिसतो.

पण धरणाच्या पायथ्याशी, पुलाच्या खांबाखाली किंवा दहा मजली इमारतीच्या जागेवर प्रत्येक ठिकाणी विहीर नसते आणि बोअर मारायचं तर दोन-चारच परवडतात. अशा वेळी जमिनीवर हातोडा मारून उठणाऱ्या भूपृष्ठ लहरींवरून थर वाचता येतात. मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. स्थापत्य किंवा भूशास्त्र शिकणाऱ्यांना आणि हे सर्वेक्षण करून घेणाऱ्या अभियंत्यांना उपयोग व्हावा म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंतचं काम इथे मांडतो. यंत्र आणि सॉफ्टवेअर वापरायला चार दिवसांत येतं. लहर त्या जमिनीत काय करते आहे हे ओळखायला वेळ लागतो, आणि चुका तिथेच होतात. म्हणून आधी लहर.

लहर जमिनीत नेमकं काय करते

जमिनीवर ठोका बसला की तीन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी दाबत-ताणत जातात आणि सगळ्यांत पुढे असतात. दुय्यम लहरी जमिनीला आडवं हलवत त्यांच्या मागून जातात. या दोन्ही खोल जमिनीत सर्व दिशांना पसरतात. तिसऱ्या, भूपृष्ठ लहरी, जमिनीच्या पृष्ठभागाला धरून जातात. त्यांतल्या ज्या आपल्या कामाच्या, त्या रॅले लहरी. लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली त्या आधी गणिताने दाखवल्या. या लहरीत जमिनीचा कण एका उभट लंबवर्तुळात फिरतो, आणि पृष्ठभागावर ते फिरणं लहर जाते त्याच्या उलट दिशेचं असतं. तरंगलांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं खाली गेलं की फिरण्याची दिशा बदलते.

दोन गोष्टींमुळे रॅले लहर आपल्याला सोयीची पडते. एक तर एकसंध जमिनीवर उभा ठोका मारला की बाहेर पडणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे दोन-तृतीयांश एकट्या रॅले लहरीत जाते. दुसरं म्हणजे ती खोलवर न पसरता पृष्ठभागावर वर्तुळात पसरते. त्यामुळे अंतर चौपट झालं तरी तिचा आयाम, मातीतली झीज सोडली तर, निम्माच होतो. म्हणूनच आठ किलोच्या हातोड्याचा ठोका पन्नास-साठ मीटरवर स्वच्छ टिपता येतो.

रॅले लहरीचा वेग मुख्यतः दुय्यम लहरीच्या वेगावर ठरतो, त्याच्या ०.९२ ते ०.९५ पट असतो. दुय्यम लहरीचा वेग म्हणजे थेट जमिनीच्या ताठपणाचं माप. माती जितकी ताठ, तितका वेग जास्त. म्हणजे रॅले लहर मोजली की ताठपणा हाती येतो.

आता थरांकडे येऊ. लहर जमिनीत साधारण एका तरंगलांबीइतक्या खोलीपर्यंत जाणवते आणि त्यातलाही जोर वरच्या अर्ध्या-तिसऱ्या हिश्श्यात असतो. जमीन तळापर्यंत एकसारखी असती तर सगळ्या वारंवारतांच्या लहरी एकाच वेगाने गेल्या असत्या. थर आले की चित्र बदलतं. आखूड लहर फक्त काळ्या मातीत मावते, म्हणून काळ्या मातीच्या वेगाने चालते. लांब लहरीचा पाय खाली मुरमात आणि पाषाणात पोचतो, म्हणून ती भरभर जाते. एकाच ठोक्यातून निघालेल्या वेगवेगळ्या वारंवारता अशा वेगवेगळ्या वेगांनी जातात, याला अपस्करण म्हणतात. लोलकातून प्रकाश जाताना त्याचे रंग वेगळे होतात, तोच शब्द आणि तीच कल्पना. आपलं सगळं काम या अपस्करणाच्या वक्रावर चालतं.

आकडे घालून पाहू. उदाहरणासाठी एक जमीन धरतो आणि ती शेवटपर्यंत वापरतो: वर २.५ मीटर काळी माती, दुय्यम लहरीचा वेग सेकंदाला १२० मीटर. तिच्याखाली ५ मीटर मुरूम, वेग ३००. त्याखाली पाषाण, वेग ९००. ५० हर्ट्झची लहर काळ्या मातीत सुमारे ११३ मीटर वेगाने जाईल. तरंगलांबी म्हणजे वेग भागिले वारंवारता, ११३ भागिले ५०, म्हणजे सव्वादोन मीटर. ही लहर काळ्या मातीच्या बाहेर फारशी जात नाही. आता ८ हर्ट्झला वेग ६०० मिळाला असं समजा. तरंगलांबी ७५ मीटर. तिला वरची अडीच मीटर माती जेमतेम जाणवते, तिचा बहुतेक सगळा भार पाषाणावर असतो.

लव्ह लहरींबद्दल थोडक्यात. ए. ई. एच. लव्ह यांनी १९११ मध्ये त्यांचं गणित मांडलं. त्या जमिनीला फक्त आडवं हलवतात आणि ताठ थरावर मऊ थर असल्याशिवाय निर्माणच होत नाहीत. आडवे जिओफोन (जमिनीत रोवून तिची हालचाल टिपणारी छोटी उपकरणं) लावून, वजन ठेवलेल्या फळीच्या टोकावर आडवा ठोका मारून त्या मोजतात. प्राथमिक लहरीच्या वेगाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, हा मोठा फायदा. पण रोजच्या कामाला रॅले पुरतात, म्हणून पुढचं सगळं रॅले लहरींबद्दल.

ही पद्धत अशी आली

१९८० च्या दशकात टेक्सास विद्यापीठातल्या स्टोको आणि नाझारियन यांनी दोन जिओफोनांच्या जोडीवर ही मोजणी रुळवली. दोनच जिओफोन असले की कुठली लहर कुठली हे वेगळं करता येत नाही. १९९९ मध्ये कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या पार्क, मिलर आणि शिया यांनी अनेक जिओफोन एका ओळीत लावून सगळ्यांची नोंद एकत्र वाचायची पद्धत मांडली. तिलाच आपण एमएएसडब्ल्यू (मल्टिचॅनल ॲनालिसिस ऑफ सरफेस वेव्ह्ज) म्हणतो. थरांच्या जमिनीत लहर कशी जाईल हे मोजणारं गणित त्याआधीचं, थॉमसन (१९५०) आणि हॅस्केल (१९५३) यांचं. आजची सॉफ्टवेअरं अजूनही त्याच पायावर उभी आहेत.

पहिलं काम: विहीर शोधा

जागेवर पोचल्यावर गाडीतून सामान काढू नका. आधी आजूबाजूला दोनशे-तीनशे मीटरमध्ये विहीर आहे का पाहा. आपल्याकडे उघडी विहीर म्हणजे फुकटात मिळालेला बोअर असतो, आणि तो डोळ्यांनी दिसतो. काठावर कोणी असेल तर विचारा. मी एकदा विचारलं, “काका, ही विहीर किती खोल?” ते म्हणाले, “सात परस. वर दीड परस काळी, मग तीन परस मुरूम, खाली पाषाण. मी स्वतः उतरून खणलीय, साहेब.” परस म्हणजे पुरुषभर उंची, साडेपाच फूट धरली तर वर घेतलेलं उदाहरण जवळपास जसंच्या तसं त्यांच्या बोलण्यात होतं. मुरूम कुठे हाताने सुटतो, कुठे घण मारावा लागला, पाण्याचा झरा कुठल्या खोलीवर लागला, हेही विचारून घ्या. हे सगळं वहीत लिहा. पुढे इन्व्हर्जन करताना, म्हणजे मोजणीवरून थर काढताना, या पानाची किंमत कळते.

मग ओळ कुठे टाकायची ते ठरवा. जमीन सपाट हवी. ओळीच्या पूर्ण लांबीत थर साधारण आडवे असावेत, कारण सगळं गणित थर आडवे धरून केलेलं असतं. बांध, ओढा, भराव, जुनी चारी आणि विहीर स्वतः, यांपासून दूर राहा. विहिरीच्या अगदी काठाला ओळ टाकली तर लहर भिंतीवर आपटून परत येते. वीस-तीस मीटर सोडा.

दुसरं: अंतरं ठरवा

२४ जिओफोन, ४.५ हर्ट्झचे, उभे. याहून जास्त वारंवारतेचे, म्हणजे १४ किंवा २८ हर्ट्झचे, अपवर्तनाच्या कामासाठी ठेवलेले असतात. ते इथे वापरू नका, खालच्या वारंवारता हाताला लागणार नाहीत.

जिओफोनांतल्या अंतराच्या दुपटीपेक्षा आखूड लहर नीट मोजता येत नाही. ओळीच्या लांबीपेक्षा फार लांब लहरही नीट मोजता येत नाही. या दोन मर्यादांच्या मध्येच आपलं काम. एक मीटर अंतर ठेवलं तर ओळ २३ मीटरची आणि सगळ्यांत आखूड लहर दोन मीटरची. आपली सव्वादोन मीटरची काळ्या मातीतली लहर यात बसते. दोन मीटर अंतर ठेवलं तर ओळ ४६ मीटरची होते, खोली वाढते, पण चार मीटरपेक्षा आखूड लहर गेली, म्हणजे अडीच मीटर काळ्या मातीचा स्वच्छ वेग गेला. म्हणून मी एकाच मध्यबिंदूवर दोन्ही ओळी टाकतो. आधी एक मीटरची, मग दोनची. एक-दीड तास जास्त लागतो, पण काळ्या मातीच्या प्रदेशात दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

खोलीचा ठोकताळा असा: सगळ्यांत लांब तरंगलांबीचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा. यात एक गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. ताठ जमिनीत खोल जाणं सोपं आणि मऊ जमिनीत अवघड. हातोड्याची दमदार ऊर्जा साधारण ८–१० हर्ट्झच्या वर असते. १० हर्ट्झला वेग ६०० असेल तर तरंगलांबी ६० मीटर, वीस-तीस मीटर खोली मिळाली. तोच हातोडा मुंबईच्या खाडीच्या गाळावर मारा. वेग १५० धरला तर तरंगलांबी १५ मीटर आणि खोली पाच-सात मीटर. तिथे हातोड्याने तीस मीटरचा अहवाल देणारा माणूस खालचे आकडे अंदाजाने भरतो आहे हे समजून घ्यावं. अशा जागी रेल्वे, महामार्गावरची अवजड वाहनं, समुद्राच्या लाटा यांनी जमीन आपोआप हलत असते तीच नोंदवावी लागते. त्यासाठी जिओफोन सरळ ओळीत न लावता वर्तुळात किंवा काटकोनात लावायचे, कारण ती लहर कुठल्या दिशेने येते हे आधी ठाऊक नसतं.

तिसरं: जिओफोन रोवणं

या कामाला वेळ द्या, घाई करू नका. उन्हाळ्यात काळी माती भेगाळलेली असते आणि वरचा वीतभर थर भुसभुशीत, पायाखाली चुरा होणारा. त्या चुऱ्यात जिओफोन उभा राहिलेला दिसतो, पण लहर त्याच्यापर्यंत पोचत नाही. खुरप्याने वरचा भुसा बाजूला करा, खाली अखंड ढेकूळ लागलं की त्यात जिओफोनचा खिळा दाबा. मी शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक जागी तांब्याभर पाणी ओतून ठेवतो. सकाळी माती खिळ्याला घट्ट धरते. जिओफोन सरळ उभा आहे का पाहा, हाताने हलवून पाहा. डुगडुगला तर काढून परत लावा. खाली उघडा पाषाण असेल तर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची छोटी गादी करून त्यावर बसवा. डांबरी रस्त्यावर लोखंडी तळव्याचे जिओफोन मिळतात, तेही चालतात.

मग एक माणूस ओळीने चालत प्रत्येक जिओफोनवर बोटाने हलकेच टिचकी मारतो आणि दुसरा पडद्यावर बघतो. उलट दिशेला उडणारा किंवा मुका जिओफोन इथेच सापडतो. गवताची काडी जिओफोनला टेकली असेल तर वाऱ्याने तिची नोंद होते, तीही तोडून टाका.

चौथं: ठोका

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी जमिनीवर ठेवा आणि मोजणी सुरू करण्याआधी तिच्यावर चार-पाच ठोके मारून ती बसवा. न बसलेल्या पट्टीवर ठोका मारला की ती उडते आणि एका ठोक्यात दोन ठोके नोंदले जातात. ठोका पहिल्या जिओफोनपासून ५, १० आणि २० मीटरवर घ्या, मग ओळीच्या दुसऱ्या टोकाला तसेच. फार जवळ ठोका मारला तर लांब लहर नीट तयार व्हायच्या आधीच जिओफोनवर पोचते आणि खालच्या वारंवारतांना वेग चुकीचा मिळतो. सगळ्यांत लांब तरंगलांबीच्या निम्म्याइतकं अंतर सोडावं. फार लांब गेलात तर वरच्या वारंवारता वाटेतच विरतात. म्हणूनच तीन अंतरं.

प्रत्येक जागी पाच ते आठ ठोके मारून त्यांच्या नोंदी एकावर एक रचा. नमुन्याचं अंतर अर्धा मिलिसेकंद, नोंदीची लांबी एक सेकंद, मऊ गाळावर दोन. सेकंदाला शंभर मीटर वेगाची लहर ६६ मीटर जायलाच ०.६६ सेकंद घेते, तिचं शेपूट कापलं जाता कामा नये.

विजेबद्दल सांगायला हवं. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा. शेताशेजारून लाईन जात असेल तर तिची गुणगुण केबलमध्ये उतरते, आणि बोअरमधली पाणबुडी मोटर चालू असेल तर ती जमीनच पन्नासच्या आसपास हलवते. पडद्यावर एक सरळ उभी रेघ दिसते. ती गाळून टाकायचं बटण यंत्रात असतं आणि ते दाबायचा मोह होतो. पण काळ्या मातीचा वेग सांगणारी आपली लहर नेमकी त्याच ५० हर्ट्झला आहे. गाळणी लावली की गुणगुणीबरोबर तीही जाते. शेतकऱ्याला विनंती करून मोटर बंद करून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे शेतीपंपाची लाईट कधी जाते ते विचारून घ्या आणि महत्त्वाचे ठोके त्या वेळेत मारा. लाईट गेलेल्या दुपारी मिळालेल्या नोंदी माझ्या संग्रहात सगळ्यांत स्वच्छ आहेत.

पाचवं: कच्ची नोंद डोळ्यांनी पाहा

घरी जाऊन नाही, तिथेच. चांगल्या नोंदीत भूपृष्ठ लहरींचा पंखा उलगडताना दिसतो: जवळच्या जिओफोनवर चिमटीत मावणारा झटका, लांबच्या जिओफोनवर पसरलेली माळ, माळेच्या पुढच्या भागात लांब लहरी आणि मागे आखूड. हा पंखा म्हणजे अपस्करण डोळ्यांसमोर. पंखा नसेल, सगळे झटके एकसारखे समांतर असतील, तर कदाचित ती हवेतून आलेली हातोड्याच्या आवाजाची लहर आहे. तिचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, तपासून पाहा.

पंख्याच्या पुढे पहिली येणारी नाजूक लहर प्राथमिक असते. तिची वेळ टिपून ठेवा. भूजल लागलं की प्राथमिक लहरीचा वेग एकदम १५०० च्या आसपास जातो, दुय्यम लहरीला मात्र पाण्याने फारसा फरक पडत नाही. पुढे पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने दाबलं की पदार्थ आडवा किती फुगतो त्याचं माप) ठरवताना ही माहिती लागते.

सहावं: अपस्करणाचं चित्र आणि मोडचा सापळा

सॉफ्टवेअर प्रत्येक वारंवारतेसाठी एकेक वेग धरून पाहतं. लांब दिंडीत पुढच्या टाळांचा ठेका मागच्यांना उशिरा पोचतो. किती उशिरा हे बरोबर ओळखून प्रत्येकाचा ठेका तेवढा मागे सरकवला तर सगळे टाळ एका वेळी वाजतील. इथेही तसंच, बरोबर वेग धरला की चोवीस जिओफोनांची बेरीज मोठी होते. त्या मोठ्या बेरजांचा उजळ पट्टा म्हणजे अपस्करणाचा वक्र. आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्यावर वेग. उजवीकडे पट्टा खाली आणि सपाट, डावीकडे वर चढत जाणारा.

दख्खनच्या जमिनीत इथेच फसगत होते. थरांच्या जमिनीत एकाच वारंवारतेला लहर एकापेक्षा जास्त वेगांनी जाऊ शकते. सगळ्यांत सावकाश जाणारा तो मूळ मोड, त्याहून वेगवान ते वरचे मोड. मऊ मातीखाली जवळच ताठ पाषाण असला की एका ठरावीक वारंवारतेच्या आसपास मूळ मोडची उभी हालचाल जवळजवळ नाहीशी होते, कण फक्त आडवा हलतो. आपले जिओफोन उभे, त्यांना काहीच दिसत नाही. त्याच जागी वरचा मोड मात्र जोरात असतो. परिणामी चित्रात पट्टा सलग दिसतो, पण मध्ये तो एका मोडवरून दुसऱ्यावर गेलेला असतो.

ही वारंवारता आधीच काढता येते. वरच्या मऊ थरांतून दुय्यम लहरीला जायला लागणारा वेळ काढा आणि त्याच्या चौपटीने एकाला भागा. आपल्या उदाहरणात २.५ भागिले १२० म्हणजे ०.०२०८ सेकंद आणि ५ भागिले ३०० म्हणजे ०.०१६७ सेकंद. बेरीज ०.०३७५. चौपट ०.१५. म्हणजे सुमारे ६.७ हर्ट्झ. नुसत्या काळ्या मातीची काढली तर १२ हर्ट्झ. या दोन ठिकाणांच्या आसपास पट्ट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून हीच चूक झाली. मी १२ हर्ट्झजवळची उडी गुळगुळीत रेघेने जोडली, वरचा मोड मूळ म्हणून वाचला आणि चार मीटरवर कडक पाषाण असल्याचं लिहून दिलं. खड्डा खणला तेव्हा सात मीटरपर्यंत मुरूम निघाला आणि पायाचा आराखडा बदलावा लागला. खर्च दुसऱ्याला सोसावा लागला याची टोचणी अजून आहे. तेव्हापासून मी नियम पाळतो: पट्टा जिथे तुटतो किंवा एकदम वर उडतो तिथे बिंदू टिपायचेच नाहीत. दोन्ही बाजूंचे खात्रीचे बिंदू ठेवायचे, मधली जागा मोकळी सोडायची. मोकळ्या जागेमुळे नुकसान होत नाही, खोट्या बिंदूमुळे होतं.

दोन्ही टोकांच्या ठोक्यांचे वक्र एकमेकांवर ठेवून पाहा. ते जुळले तर थर आडवे आहेत. नसतील जुळत तर थर उतरते आहेत किंवा ओळीखाली काहीतरी बदलतं आहे, आणि एकच उभा काप देणं बरोबर होणार नाही.

सातवं: वक्रावरून थर

याला इन्व्हर्जन म्हणतात. थर धरायचे, त्यांचा वक्र मोजायचा, मिळालेल्या वक्राशी ताडायचा, थर बदलायचे, परत ताडायचं. सॉफ्टवेअर हे मिनिटभरात करतं आणि एक सुबक पायऱ्यांची रेघ देतं. अडचण अशी की अगदी वेगवेगळ्या थरांचे वक्र जवळपास सारखे येऊ शकतात. जाड आणि थोडा मऊ थर, किंवा पातळ आणि जास्त मऊ थर, दोन्हींनी वक्र जुळतो. इथे विहिरीजवळ लिहिलेलं पान काढा. काळी माती अडीच मीटर, मुरूम पाच मीटर हे तुम्हाला ठाऊक आहे, मग जाडी त्याच्या आसपास बांधून ठेवा आणि वेग सॉफ्टवेअरला शोधू द्या. चार-पाच थर पुरेत. घनतेचा परिणाम कमी असतो, मातीला १.८ आणि पाषाणाला २.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरच्या आसपास धरा. भूजलाखालच्या मऊ थराला पॉयसन गुणोत्तर ०.४८–०.४९ द्या, त्याच्या वर ०.३–०.४ चालतं.

सुरुवातीचे थर बदलून तेच पाच-सहा वेळा करा. पाच उत्तरांत मुरमाचा वेग २८० ते ३३० च्या मध्ये आला तर तो आकडा धरण्यासारखा. पाषाणाचा ७०० ते १३०० च्या मध्ये हेलकावे खात असेल तर लहरीला तिथलं फारसं दिसत नाही, आणि अहवालात तसंच लिहायला हवं.

कडक पाषाणाखाली कुजलेला मांजऱ्या असेल तर वेग खोलीबरोबर घटतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये वेग खोलीबरोबर वाढतच जावा अशी अट आपोआप लागलेली असते. ती काढून एकदा चालवून पाहा. मात्र खोलवरचा हातभर जाडीचा लाल पट्टा या पद्धतीने सापडेल अशी आशा धरू नका. दहा-पंधरा मीटरवरची लहर तेवढी बारीक गोष्ट पाहू शकत नाही. तो पट्टा धरणाच्या पायात महत्त्वाचा असेल तर बोअरच मारावा लागतो.

आठवं: तीस मीटरचा सरासरी वेग

भूकंपरोधक आराखड्यासाठी वरच्या तीस मीटरचा दुय्यम लहरीचा सरासरी वेग मागतात. ही सरासरी साधी नाही. तीस मीटर भागिले तीस मीटर जायला लागलेला वेळ, अशी ती काढायची. काळी माती ०.०२०८, मुरूम ०.०१६७, उरलेले २२.५ मीटर पाषाण भागिले ९०० म्हणजे ०.०२५. बेरीज ०.०६२५ सेकंद. तीस भागिले ०.०६२५, उत्तर ४८० मीटर प्रति सेकंद. जाडीने गुणून साधी सरासरी काढली असती तर ७३५ आले असते. काही अहवालांत मी हा ७३५ सारखा आकडा पाहिला आहे. मऊ मातीत लहरीचा वेळ जातो आणि हालचाल तिथेच वाढते, साध्या सरासरीत नेमकं तेच झाकलं जातं.

अमेरिकेतल्या नेहर्प या भूकंपरोधक शिफारशींच्या वर्षानुवर्षं वापरात असलेल्या, २०२० मध्ये बदललेल्या जुन्या वर्गवारीत ३६० ते ७६० मीटर हा सी वर्ग होता, १८० ते ३६० हा डी, १८० च्या खाली ई. आपल्या आयएस १८९३ या भूकंपरोधक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत जमिनीचे तीन प्रकार मुख्यतः प्रवेशन चाचणीच्या एन-मूल्यावरून (बोअरमध्ये नळी ठरावीक खोल जायला लागणारे ठोके) ठरतात, म्हणून लहरींच्या अहवालाबरोबर एका तरी बोअरचं एन-मूल्य जोडा. मऊ जमीन काय करते हे २६ जानेवारी २००१ ला दिसलं. भूजचा भूकंप दोनशे किलोमीटरहून लांब, तरी अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावरच्या बहुमजली इमारती कोसळल्या. बांधकामाचे दोष त्यात होतेच, पण खालच्या गाळाने हादरा वाढवला हेही खरं.

अहवाल देताना

पायऱ्यांची एकच रेघ देऊ नका. कच्ची नोंद, अपस्करणाचं चित्र, त्यावर टिपलेले बिंदू, कुठे बिंदू सोडले आणि का, पाच-सहा उत्तरांचा पट्टा, विहिरीचा किंवा बोअरचा काप, हे सगळं एकत्र द्या. ज्या खोलीच्या खाली तुमच्याकडे तरंगलांबी नाही तिथे आडवी तुटक रेघ मारा आणि तिच्याखाली आकडे देऊ नका.

आणि निघताना शेतकरी हमखास विचारतो, “साहेब, पाणी किती फुटावर लागेल?” या लहरी ताठपणा मोजतात, पाणी शोधत नाहीत, हे त्याला नीट बसून सांगा. पाषाण साधारण कुठे लागतो, मुरूम किती जाड आहे, एवढं मात्र त्याला खुशाल सांगा, विहीर खोल करायची की नाही हे ठरवताना त्याला ते कामाला येतं. जिओफोन उपटलेल्या जागा बुजवा, बाजूला केलेली माती परत ओढा, आणि ठोक्याची लोखंडी पट्टी मोजून गाडीत ठेवा.